सैनिकी मृत्युपत्र

युद्धात गुंतलेल्या सैनिकास मृत्युपत्राच्या नेहमीच्या औपचारिक अटींतून सूट देऊन त्याच्या अंतिम इच्छेस दिलेली विधिमान्यता. या सवलतीचा उगम रोमन विधीत आढळतो. ज्यूलियस सीझरने ती प्रथम तात्पुरती दिली. टायटसपासून ट्रेजनपर्यंतच्या सम्राटांनी ती पुढे चालविली. सैनिकांचे विधिविषयक अज्ञान हे तिचे कारण गेयस या विधिज्ञाने नमूद केले आहे. जस्टिनियनने ती मोहिमेच्या काळापुरती मर्यादित केली. इंग्लंडमध्ये १६७७ व १८३७ च्या अधिनियमांनी तिला मान्यता दिली.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलमे ६५ व ६६ यांनुसार मोहिमेवरील अथवा प्रत्यक्ष युद्धातील १८ वर्षांवरील सैनिकास लेखी वा तोंडी मृत्युपत्र करता येते. ते संपूर्ण स्वहस्ताक्षरात असल्यास सही वा साक्षीदार लागत नाहीत. तोंडी मृत्युपत्रास एकाच वेळी हजर असलेले दोन साक्षीदार लागतात. सैनिक जिवंत राहिल्यास, सवलतीचा हक्क संपल्यानंतर एक महिन्याने ते रद्द होते.

मात्र ही कलमे हिंदू, बौद्ध, शीख, जैन व मुसलमान यांस लागू नाहीत. मुसलमानांची मृत्युपत्रे त्यांच्या व्यक्तिगत विधीप्रमाणे होतात. इतरांस कलम ६३ अन्वये दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. परिणामी हिंदू सैनिकाने आघाडीवरून लिहिलेल्या पत्रातील इच्छा कितीही स्पष्ट असली, तरी साक्षांकनाअभावी ती मृत्युपत्र ठरत नाही व मालमत्ता वारसाहक्काच्या विधीप्रमाणे विभागली जाते. छावणीतील चीजवस्तूंची यादी करणे, लष्करी देणी फेडणे व शिल्लक हक्कदारास देणे यांची रीत १९५० च्या स्वतंत्र अधिनियमाने ठरविली आहे.