कॅरी ग्रँट : विनोदाच्या छायेत झाकोळलेला अभिनेता

हॉलिवूडच्या सुवर्णकाळातील देखण्या नायकांचा विषय निघाला की कॅरी ग्रँट यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये जाहीर केलेल्या महान चित्रपट कलावंतांच्या यादीत अभिनेत्यांमध्ये हम्फ्री बोगार्ट यांच्यानंतर दुसरे स्थान ग्रँट यांचे होते. त्याच वर्षी भारतात प्रदर्शित झालेल्या आमीर खान यांच्या 'मन' या हिंदी चित्रपटाचे कथानकही ग्रँट यांच्या 'ॲन अफेअर टू रिमेंबर' (१९५७) या चित्रपटावर बेतलेले होते. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' (१९५९) आणि 'शराड' (१९६३) हे त्यांचे चित्रपट आजही आवडीने पाहिले जातात.

तथापि, सुमारे चौतीस वर्षांच्या कारकिर्दीत सत्तरहून अधिक चित्रपटांत काम करणाऱ्या या अभिनेत्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक एकदाही मिळाले नाही. त्यांना नामांकनेही दोनच मिळाली आणि ती दोन्ही आज फारशा न पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांसाठी होती. नीटनेटका पोशाख, मिस्कील हास्य आणि चपखल विनोद यांमुळे निर्माण झालेल्या प्रतिमेआड त्यांच्या काही उत्तम भूमिका झाकल्या गेल्या. अशा भूमिकांचा हा परिचय.

ब्रिस्टलचा आर्ची लीच

कॅरी ग्रँट यांचे मूळ नाव आर्चिबाल्ड लीच. त्यांचा जन्म १८ जानेवारी १९०४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे एका गरीब कुटुंबात झाला. ते शाळेत असतानाच त्यांच्या आईला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. मुलाला मात्र खरे कारण सांगण्यात आले नाही. आई जिवंत असल्याचे त्यांना वयाची तिशी ओलांडल्यावर, ते चित्रपटांत नावारूपास आल्यानंतर समजले. कसरतपटूंच्या एका मंडळीबरोबर १९२० मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढे चित्रपटांत शिरताना त्यांनी कॅरी ग्रँट हे नाव धारण केले. त्यांच्या गंभीर भूमिका पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९)

हॉवर्ड हॉक्स दिग्दर्शित या चित्रपटात दक्षिण अमेरिकेतील एका बंदरातून डोंगररांगांवरून टपाल नेणाऱ्या विमानसेवेची कथा आहे. ग्रँट यांनी या सेवेचा प्रमुख जेफ कार्टर साकारला आहे. सहकारी वैमानिक अपघातात मरण पावल्यावर त्याच्यासाठी मागवलेले जेवण जेफ स्वतः खातो आणि त्याचे नावही ओळखत नसल्यासारखे वागतो. ही निष्ठुरता नसून दुःखाला दूर ठेवण्याची या माणसांची रीत आहे, हे प्रेक्षकाला हळूहळू उमगते. शेवटी जिवलग मित्राच्या मृत्यूनंतर जेफच्या डोळ्यांत पाणी तरळते, तेव्हा आतापर्यंतच्या संयमाचे मोल कळते.

'पेनी सेरेनेड' (१९४१)

जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित हा चित्रपट एका अपत्यहीन दाम्पत्याची कथा सांगतो. ग्रँट आणि आयरीन डन ही जोडी तोवर विनोदी चित्रपटांसाठी परिचित होती. या चित्रपटात ग्रँट यांनी बेफिकीर पत्रकार रॉजर ॲडम्सची भूमिका केली आहे. दत्तक घेतलेली तान्ही मुलगी या दाम्पत्याच्या घरात रुळते. पण रॉजरचे वृत्तपत्र बंद पडून उत्पन्न थांबल्यामुळे तिला परत करण्याची वेळ येते. न्यायाधीशांसमोर मुलीसाठी विनवणी करतानाचा प्रसंग ग्रँट यांच्या कारकिर्दीतील सर्वांत हृद्य प्रसंगांपैकी एक होय. सदैव हजरजबाबी असणारा नायक येथे शब्दांसाठी अडखळतो. या भूमिकेसाठी त्यांना पहिले ऑस्कर नामांकन मिळाले. पारितोषिक 'सार्जंट यॉर्क'साठी गॅरी कूपर यांना गेले. पुढे अमेरिकेत या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण न झाल्याने त्याच्या निकृष्ट प्रती सर्वत्र पसरल्या.

'सस्पिशन' (१९४१)

याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांच्या चित्रपटात ग्रँट यांनी खर्चिक, खोटारडा पण मोहक पती रंगवला. तो आपला खून करणार, असा संशय पत्नीला येऊ लागतो. ग्रँट यांचे नेहमीचे मोहक हास्यच येथे भीतीचे कारण बनते. पत्नीसाठी दुधाचा पेला घेऊन तो जिना चढतो, त्या दृश्यात पेला उजळून दिसावा म्हणून हिचकॉक यांनी दुधात दिवा ठेवला होता. मूळ कादंबरीतील पती खरोखरच खुनी आहे. चित्रपटाचा शेवट मात्र बदलण्यात आला. जोन फॉन्टेन यांना या चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, पण ग्रँट यांच्या कामाची फारशी दखल घेतली गेली नाही.

'नन बट द लोन्ली हार्ट' (१९४४)

नाटककार क्लिफर्ड ओडेट्स यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट रिचर्ड लुएलिन यांच्या कादंबरीवर आधारित आहे. ग्रँट यांनी लंडनच्या पूर्व भागातील दरिद्री वस्तीत भटकणारा एर्नी मॉट उभा केला. आई कर्करोगाने आजारी असल्याचे कळल्यावर एर्नी घरी थांबतो. पण पैशाच्या ओढीने दोघेही, एकमेकांना न सांगता, गैरमार्गाला लागतात. गरीब इंग्रज वस्ती, मायलेकांतील दुरावा आणि उशिरा झालेली जवळीक हे सारे ग्रँट यांच्या स्वतःच्या आयुष्याच्या निकटचे होते. कादंबरीतील नायक कोवळ्या वयाचा, तर ग्रँट चाळीस वर्षांचे. तरीही झुळझुळीत पोशाखाचा आधार नसताना ते किती खोलवर जाऊ शकतात, हे येथे दिसते. आईची भूमिका करणाऱ्या एथेल बॅरीमोर यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर लाभले. ग्रँट यांना दुसरे आणि अखेरचे नामांकन मिळाले. पारितोषिक बिंग क्रॉसबी यांनी पटकावले. प्रेक्षकांनी मात्र चित्रपटाकडे पाठ फिरवली आणि त्यानंतर ग्रँट यांनी अशी भूमिका पुन्हा स्वीकारली नाही.

'पीपल विल टॉक' (१९५१)

जोसेफ मँकिविट्स यांच्या या चित्रपटात ग्रँट डॉ. नोआ प्रेटोरियस या उदारमतवादी वैद्यकाच्या भूमिकेत आहेत. अविवाहित गर्भवती तरुणीला तो आधार देतो, तर एक मत्सरी प्राध्यापक त्याच्या पूर्वायुष्याची चौकशी सुरू करतो. अमेरिकेत संशयाचे आणि चौकशांचे वातावरण असताना आलेला हा चित्रपट आजही अर्थपूर्ण वाटतो. ग्रँट यांनी डॉक्टरचे शांत, सौम्य धैर्य आवाज न चढवता व्यक्त केले आहे.

उपेक्षेची कारणे

सहज वाटणाऱ्या अभिनयामागील परिश्रम दिसत नाहीत, हे या उपेक्षेचे पहिले कारण. विनोदी भूमिकांना पारितोषिकांच्या वेळी कमी लेखले जाते, हे दुसरे. शिवाय १९३७ च्या सुमारास ग्रँट यांनी एकाच स्टुडिओशी बांधलेले राहणे नाकारून स्वतंत्रपणे काम सुरू केले. त्यामुळे आपला कलावंत म्हणून त्यांच्यासाठी जोर लावणारा स्टुडिओ त्यांच्या पाठीशी नव्हता.

ग्रँट यांनी १९६६ मध्ये चित्रपटसंन्यास घेतला. १९७० मध्ये त्यांना मानद ऑस्कर प्रदान करण्यात आले; फ्रँक सिनात्रा यांच्या हस्ते ते स्वीकारताना ग्रँट भारावून गेले होते. २९ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या विनोदी चित्रपटांचे चाहते असणाऱ्यांनी 'पेनी सेरेनेड'पासून आरंभ करावा आणि मग 'नन बट द लोन्ली हार्ट' पाहावा. पडद्यावरचा कॅरी ग्रँट आणि ब्रिस्टलचा आर्ची लीच यांची भेट या दुसऱ्या चित्रपटात होते.