नांदेडचं विमानतळ चालू राहिलं तर चुडाव्याला काय फायदा? बंद पडलं तर काय जातं? वाचा सविस्तर

चुडावा (ता. पूर्णा) : परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. आपल्या भागाला जवळचं विमानतळ म्हणजे नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंघजी विमानतळ. चुडाव्याहून लिंबगाव ओलांडलं की नांदेड आलंच. छत्रपती संभाजीनगरचं विमानतळ परभणीपासूनच दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. त्यामुळं नांदेडला विमान सुरू झालं किंवा बंद पडलं की त्याची चर्चा पूर्णा तालुक्यातल्या पारावरही होते. त्यातला एक प्रश्न नेहमीचा. "आपल्याला कुठं विमानात बसायचंय? मग ते चालू असलं काय अन् बंद पडलं काय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका ओळीत देता येत नाही.

आतापर्यंत काय झालं?

नांदेडची धावपट्टी जुनीच. २००८ साली गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, तेव्हा देश-विदेशातून भाविक येणार म्हणून विमानतळाचं रूप पालटलं. धावपट्टी २,३०० मीटरची झाली, नवी इमारत उभी राहिली. म्हणजे मोठं विमानही उतरू शकेल अशी सोय झाली. पुढं २००९ मध्ये एमआयडीसीनं नांदेड, लातूर, धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद), यवतमाळ आणि बारामती ही पाच विमानतळं ९५ वर्षांच्या करारानं रिलायन्सच्या कंपनीकडं चालवायला दिली. मुंबईची विमानसेवा काही वर्षं चालली आणि थांबली.

मग आली 'उडान' योजना. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी या योजनेची पहिली विमानं सुरू केली, त्यात नांदेड–हैदराबाद होतं. ट्रूजेट कंपनीची ही विमानं पंख्याची, सत्तरेक सीटची. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाचं अमृतसर विमान आलं, नंतर दिल्लीही जोडली गेली. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेट बंद पडली. नांदेडच्या आकाशात पुन्हा शांतता. ३१ मार्च २०२४ पासून स्टार एअरनं ७६ सीटची जेट विमानं आणली, बंगळुरू, हैदराबाद आणि उत्तरेतल्या शहरांसाठी. ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या दुरवस्थेमुळं उड्डाणं थांबवावी लागली. दुरुस्तीनंतर ती पुन्हा सुरू झाली.

सुरू, बंद, सुरू, बंद. लोकांचा विश्वास बसत नाही त्याचं कारण हेच.

'बंद' शब्दाचे दोन अर्थ

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये ती नेहमी एकत्र होते. कंपनीचं रोजचं विमान बंद होणं वेगळं आणि विमानतळ बंद होणं वेगळं. पहिल्या प्रकारात तिकीट काढून जाता येत नाही, पण धावपट्टी नीट असेल, अग्निशमनाची गाडी आणि माणसं असतील, तर रुग्णाचं विमान, सरकारी विमान, मदतीचं सामान घेऊन येणारं विमान उतरू शकतं. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे धावपट्टीच खराब झाली, परवाना अडकला, तर हेही थांबतं.

पहिलं नुकसान प्रवाशांचं. दुसरं सगळ्यांचं, विमानात कधीच न बसणाऱ्यांचंसुद्धा.

दवाखान्याचा हिशोब

अवयवदानाचं उदाहरण घ्या. एखाद्या मेंदूमृत रुग्णाच्या नातेवाइकांनी मोठं मन करून अवयव द्यायचं ठरवलं, तर पुढं घड्याळाशी शर्यत असते. काढलेलं हृदय साधारण ४ ते ६ तास टिकतं. यकृत ८ ते १२ तास, मूत्रपिंड २४ तास किंवा थोडं जास्त. नांदेड ते मुंबई रस्त्यानं ११-१२ तास कुठंच गेले नाहीत. म्हणजे मूत्रपिंड रस्त्यानं पोचवता येईल, यकृताचं अवघड, आणि हृदय तर विमानाशिवाय मुंबईला जाऊच शकत नाही. धावपट्टी बंद असेल त्या दिवशी ते दान वाया जातं.

भाजलेला रुग्ण, लहान लेकराचं हृदयाचं ऑपरेशन, यातही तेच. एअर अॅम्ब्युलन्स आपल्यासारख्या घराला परवडत नाही हे खरं, खर्च लाखांत जातो. पण विमा, सरकारी मदत किंवा गावाची वर्गणी यातून कधी पैसा उभा राहिलाच, तर उतरायला जागा पाहिजे. ती जागा ऐनवेळी तयार करता येत नाही. रात्री उतरायचं तर धावपट्टीवर दिवे चालू पाहिजेत, कंट्रोल टॉवरमध्ये माणूस पाहिजे.

ऑस्ट्रेलियात हा विचार १९२८ सालीच झाला. तिथं वस्त्या शेकडो मैल लांब, डॉक्टर नाही. मग डॉक्टरच विमानानं पाठवायची सेवा सुरू केली, 'फ्लाइंग डॉक्टर'. आजही ती चालू आहे, आणि तिच्यासाठी मैदानातल्या साध्या मातीच्या धावपट्ट्याही जपल्या जातात.

पूर आल्यावर

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावं पाण्यात गेली, लष्कर बोलवावं लागलं. गोदावरी आणि पूर्णा नदीच्या काठच्या लोकांना पुराचं वेगळं सांगायला नको. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, ते शाळेच्या मैदानावरही उतरतं, हे बरोबर. पण त्याला इंधन लागतं, आणि औषधं, बोटी, जवान घेऊन येणारं मोठं विमान शाळेच्या मैदानावर उतरत नाही.

मग तोटा का होतो?

छोट्या विमानतळाचा खर्च विमानांच्या संख्येवर चालत नाही. दिवसाला एक विमान येवो की दहा, अग्निशमन दल तेवढंच, पोलीस बंदोबस्त तेवढाच, धावपट्टीची डागडुजी तेवढीच. कमाई मात्र विमानांवर: उतरण्याचं भाडं, पार्किंग, दुकानांची भाडी. एका विमानात भागत नाही. घरी एकच म्हैस असली तरी गोठा, चारा, पाणी, राखण सगळं करावंच लागतं, तसलाच प्रकार.

'उडान'मध्ये म्हणूनच सरकार कंपनीला तीन वर्षं तूट भरून देतं. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. बदल्यात निम्म्या सीटचं भाडं बांधलेलं, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये. अडचण चौथ्या वर्षी येते. मदत संपते आणि कंपनी विमान दुसरीकडं नेते. देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, २०२३ मध्ये याचा हिशोब मांडला. मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकले फक्त ५४.

तेव्हा दोष एकट्या नांदेडचा नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही १९७८ पासून सरकार लहान गावांच्या विमानांना पैसे देतं. तिथंही दरवर्षी ओरड होते की हे कशाला? पण मदत बंद झालेली नाही.

विरोधी बाजूही ऐका

२६ ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत गाडी नांदेडहून मुंबईला जाते, साडेनऊ तासांच्या आसपास लागतात. जमिनीवरच एवढी सोय झाल्यावर विमानाला प्रवासी कमी मिळतील, असं म्हणणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं चूक नाही. चुडाव्याच्या माणसाला रोज विमान लागत नाही, रोज लागते ती वेळेवर येणारी पॅसेंजर. एसटी आणि पॅसेंजरचा पैसा विमानाकडं वळवा असं कुणी म्हणत असेल तर आमचाही त्याला विरोधच राहील.

शेतमालाबद्दलही स्पष्ट बोललेलं बरं. 'कृषी उडान' योजना २०२० मध्ये आली, तेव्हा आता माल विमानानं जाणार असं भाषणांतून बरंच ऐकलं. वसमतची हळद, आपलं सोयाबीन, कापूस, अर्धापूरची केळी यातलं काहीही विमानानं पाठवणं परवडत नाही. हा माल ट्रकचा आणि रेल्वेचा. विमानानं जातो तो वजनाला हलका, किमतीला भारी आणि लवकर नासणारा माल, फुलं वगैरे. तसं उत्पादन इथं वाढलं तर बघता येईल. आज त्याच्या जोरावर विमानतळ वाचवा म्हणणं फसवं आहे.

आमच्या मते खरा मुद्दा विमानापेक्षा धावपट्टीचा आहे. विमान कंपन्या येतील-जातील. अडीच किलोमीटरच्या जवळपास लांबीची सपाट पट्टी, तिच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा, आजूबाजूच्या इमारतींच्या उंचीवरचं बंधन, हे एकदा सुटलं की परत जमत नाही. सोलापूरकरांना विचारा. तिथं विमानाच्या वाटेत साखर कारखान्याची चिमणी होती. वाद वर्षानुवर्षं चालला, चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली आणि गोव्याचं विमान उडायला जून २०२५ उजाडलं.

चुडावा परिसरातल्या लोकांनी लक्षात ठेवायचं

तिकीट काढण्याआधी विमान आठवड्यातून कोणत्या वारी आहे ते बघा, वेळापत्रक बदलत राहतं. तिकीट शोधताना नांदेडचा कोड एनडीसी टाका. कंपनीनं विमान रद्द केलं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं तुम्हाला हवं ते मागता येतं. मेसेजवरच्या अनोळखी लिंकवर बँकेची माहिती भरू नका. रुग्णाला न्यायचं असेल तर डॉक्टरांचं 'विमान प्रवासास योग्य' असं पत्र आधी घ्या आणि कंपनीला दोन दिवस आधी कळवा. स्ट्रेचरची सोय प्रत्येक विमानात नसते.

फवारणीचा ड्रोन वापरणाऱ्यांसाठी: विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि १२ किलोमीटरपर्यंत उंचीची बंधनं आहेत. नांदेडच्या बाजूला शेत किंवा फवारणीचं काम असेल, तर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर गट कोणत्या रंगात येतो ते बघूनच ड्रोन काढा.