हूक, हेन्री
(६ ऑगस्ट १८५० – १२ मार्च १९०५). अँग्लो-झुलू युद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा ब्रिटिश सैनिक. जन्म इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमधल्या चर्चम येथे. २४ व्या पायदळ रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत तो साधा शिपाई होता.

२२ जानेवारी १८७९ रोजी झुलूंनी इसांडल्वाना येथे ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. त्याच दुपारी तीन-चार हजार झुलू योद्धे दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीच्या सरहद्दीवरील रॉर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर चालून आले. ठाण्यात जेमतेम दीडशे माणसे होती. रुग्णांचा स्वयंपाक करणाऱ्या हूककडे ठाण्यातील इस्पितळाच्या रक्षणाचे काम आले. गवती छपराने पेट घेतला, धूर कोंडला. त्याचा सहकारी शिपाई जॉन विल्यम्स मधल्या भिंतीला भगदाड पाडून रुग्णांना पलीकडे ओढी आणि हूक एकटाच संगिनीने दार अडवून धरी. मग पुढची खोली, पुन्हा तेच. भाल्याने त्याच्या टाळूला जखम झाली.

या लढाईबद्दल ११ व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. इसांडल्वानाची नामुष्की झाकायला हा गौरव सरकारच्या पथ्यावरच पडला. पण त्यामुळे हूकचे शौर्य कमी ठरत नाही. हूकला पदक ऑगस्टमध्ये त्याच ठाण्यावर ब्रिटिश सेनापती सर गार्नेट वुल्झली यांच्या हस्ते मिळाले. पुढे त्याने ब्रिटिश म्यूझियममध्ये नोकरी केली. अभ्यागतांच्या छत्र्या सांभाळण्याचे कामही त्याच्याकडे होते. याच लढाईवरील ‘झुलू’ (१९६४) चित्रपटाने त्याला दारुडा, कामचुकार दाखवले. प्रत्यक्षात तो दारूला शिवतही नसे. त्याच्या कुटुंबीयांनी या चित्रणाबद्दल नाराजी व्यक्त केली.