अक्षरजुळणीचे शिक्षण

मराठी भाषेचे विल्यम कॅरीकृत व्याकरण १८०५ साली छापून निघाले, ते महाराष्ट्रात नव्हे, तर बंगालमधील श्रीरामपूर येथे. तेथील मिशनच्या छापखान्यासाठी देवनागरी खिळे घडविण्याची विद्या पंचानन कर्मकार याच्या हाती होती. कर्मकार म्हणजे लोहार. पंचाननानंतर ही विद्या त्याचा जावई मनोहर याने चालविली. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. सासऱ्याच्या हाताखाली जे उमेदवारी करील त्यालाच ती यावयाची.

मुंबईत चित्र थोडे निराळे होते. जावजी दादाजी हा गरीब घरातला मुलगा लहान वयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागला. टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी टाइपाला वळण लावले ते याच छापखान्यात. जावजींनी पाहून पाहून धंदा उचलला, १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना उभा केला. राणोजी आरू यांच्यासारखा कुशल कारागीर त्यांना लाभला, हे त्यांचे भाग्य खरेच. पण अशी उमेदवारी करणाऱ्या किती मुलांचे जावजी झाले नाहीत, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

कंपोझिटरचे काम बाहेरून पाहणाऱ्यास यांत्रिक वाटे. वस्तुतः इंग्रजी केसच्या मानाने देवनागरी केसचा पसारा कितीतरी मोठा. अर्धी अक्षरे वेगळी, जोडाक्षरे वेगळी. आणि ‘डिग्री’ टाइप असेल तर मात्रा, उकार, रफार हे अक्षराच्या वर-खाली निराळ्या खिळ्यांनी बसवावयाचे. स्टिकमध्ये अक्षरे उलटी दिसत, ती तशीच वाचावयाची. लिहिणाऱ्याचे ऱ्हस्वदीर्घ चुकले तर मुकाट्याने सुधारणारा पहिला वाचक पुष्कळदा हाच असे. त्याचे नाव मात्र पुस्तकावर नसे.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या शिक्षणात लक्ष घातले. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, १९५६ साली व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा झाला. ज्याचा मामा किंवा चुलता छापखान्यात नाही अशा मुलालाही औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन ही कला शिकता येऊ लागली. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु प्रमाणपत्र हे साधनाला बांधलेले असते, आणि साधन बदलते. १९८५ साली अमेरिकेत पेजमेकर ही प्रणाली आली. लेसर छपाईयंत्राच्या जोडीने तिने टेबलावरच पान रचण्याची सोय केली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली व भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम तेथे जोमाने चालले. पुढे गावोगावी ‘डी.टी.पी.’ अशा पाट्या झळकल्या, आणि प्रशिक्षण संस्थांतही डेस्क टॉप पब्लिशिंग ऑपरेटर या व्यवसायाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. हजारो मुलामुलींना त्याने पोटाची सोय दिली. खिळ्यांत हयात घालविलेल्या कंपोझिटरच्या कसबाला मात्र बाजारात मोल उरले नाही. शिसे वितळून गेले.

त्याच्याबरोबर काय गेले हे एका अक्षरावरून कळते. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत, मेजवानीच्या दिवशी तरी, मोठा फरक आहे. हिंदीला या दुसऱ्या ‘ऱ्य’ची गरज नसते; मराठीचे त्यावाचून अडते. जुन्या कंपोझिटरला हा भेद बोटांनी ठाऊक होता. नवे शिक्षण वेग मोजणारे, आणि सुरुवातीच्या काळात प्रत्येक कंपनीच्या अक्षरसंचाची सांकेतिक मांडणी निराळी, त्यामुळे एका दुकानातला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की त्याचा चिवडा होई. युनिकोड या जागतिक संकेतात १९९१ पासून देवनागरी होती खरी, पण छपाईच्या दुकानांपर्यंत तिचा वापर पोहोचावयास पुष्कळ वर्षे लागली. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ कोणते, हे सांगणारा आदेश महाराष्ट्र शासनाला २००९ साली काढावा लागला.

‘ऱ्य’ची सोय आता प्रमाणित इनस्क्रिप्ट कळफलकावर आहे. ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो. मग हलन्त, मग ‘य’. एवढे तीन ठोके नव्या ऑपरेटरला कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागतात.