गप्प बसणारा पाहुणा : थाई मुले अमेरिकन शाळेत

थायलंडमधल्या शाळा साधारण मे महिन्याच्या मध्याला सुरू होतात. जूनमधल्या एखाद्या गुरुवारी सगळी मुले सभागृहात जमतात आणि फुलांनी सजवलेली तबके शिक्षकांपुढे ठेवून वाकून नमस्कार करतात. या समारंभाचे नाव 'वाइ ख्रू'. 'वाइ' म्हणजे हात जोडून केलेला नमस्कार, आणि 'ख्रू' हे आपल्या 'गुरू'चेच थाई रूप. दिवस गुरुवारच का, हे मराठी वाचकाला सांगायला नको. थाई भाषेतही या वाराचे नाव बृहस्पतीवरूनच आले आहे. तबकात हरळी असते, म्हणजे आपल्या दूर्वा. हरळी रुजली की पसरत जाते, तशी विद्या पसरावी. वांग्याचे फूल असते, कारण ते खाली झुकलेले असते. इक्झोराची फुले असतात. त्यांच्या कळ्या सुईसारख्या टोकदार, तशी बुद्धी व्हावी.

आता अशी कल्पना करा, की हा नमस्कार करून दोन-तीन महिने होतात न होतात तोच त्यांतली सोळा वर्षांची एक मुलगी अमेरिकेतल्या एका छोट्या गावच्या शाळेत बसली आहे. बाई टेबलाच्या कडेवर बसून शिकवत आहेत. मुले मध्येच प्रश्न विचारतात, 'मला हे पटत नाही' असे सरळ सांगतात. ही मुलगी मात्र गप्प. बाईंनी काही विचारले की हसते. महिन्याभरात बाईंचे मत होते, की हिला एक तर भाषा कळत नाही किंवा विषयात गोडी नाही. मुलीला मात्र वाटत असते, की आपण अगदी चांगल्या विद्यार्थिनीसारखे वागत आहोत.

दोघींपैकी चूक कोणाचीच नाही. मग घोटाळा कुठे आहे?

हा प्रवास कधी सुरू झाला?

सयाम, म्हणजे आजचा थायलंड, आणि अमेरिका यांच्यात पहिला करार झाला १८३३ साली. विद्यार्थ्यांची ये-जा मात्र बऱ्याच नंतरची. १९१७ साली सांगवान नावाची, लहानपणीच आईवडील गमावलेली एक मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेली. तिथे शिकत असलेल्या राजपुत्र महिदोल यांच्याशी तिची ओळख झाली आणि १९२० साली त्यांचे लग्न झाले. त्यांचे दोन्ही मुलगे पुढे राजे झाले. धाकटे भूमिबोल यांचा जन्म १९२७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी झाला, कारण वडील तेव्हा हार्वर्डमध्ये वैद्यकशास्त्र शिकत होते.

पण ही निवडक माणसांची गोष्ट झाली. सामान्य घरांतल्या शाळकरी मुलांसाठी हा रस्ता उघडला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेण्यासाठी अमेरिकन स्वयंसेवकांनी रुग्णवाहिका चालवल्या होत्या. 'अमेरिकन फील्ड सर्व्हिस' (एएफएस) हे त्यांच्या संघटनेचे नाव. दुसऱ्या युद्धातही त्यांनी हेच काम केले. दोन युद्धांतले मृत्यू जवळून पाहिलेल्या या लोकांनी १९४७ साली शाळकरी मुलांच्या देवाणघेवाणीचा उपक्रम सुरू केला. पोरवयातच माणसे एकमेकांच्या घरी राहिली, तर पुढे एकमेकांवर बंदूक रोखताना त्यांचा हात अडखळेल, असा त्यामागचा विचार होता. १९६२ साली थायलंड या उपक्रमात आला. पुढे इतर संस्थाही आल्या.

या व्यवस्थेचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेत अशा विद्यार्थ्याला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे पैसे मिळत नाहीत. मूल भाडेकरू म्हणून राहत नाही, घरचे म्हणून राहते. मोठेपणा यातच आहे आणि अडचणही यातच आहे.

सुरिन पित्सुवान हे १९६७-६८ मध्ये असेच गेलेले विद्यार्थी. दक्षिण थायलंडमधल्या मुस्लिम कुटुंबातला हा मुलगा मिनेसोटा राज्यातल्या रशफर्ड या दोन हजारांहून कमी वस्तीच्या गावी वर्षभर राहिला. १९६७ च्याच ऑगस्टमध्ये बँकॉकला 'आसियान' या राष्ट्रसंघटनेची स्थापना झाली होती. पुढे सुरिन थायलंडचे परराष्ट्रमंत्री झाले आणि २००८ ते २०१२ या काळात त्याच आसियानचे महासचिव होते.

भीड

थाई भाषेत 'क्रेंग जाय' असा एक शब्द आहे. आपल्यामुळे दुसऱ्याला, विशेषतः मोठ्या माणसाला, तसदी होऊ नये, त्याला अवघडल्यासारखे वाटू नये म्हणून स्वतःला आवरणे, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत यासाठी चपखल शब्द सापडत नाही. मराठीत मात्र जवळचा शब्द आहे : भीड. फरक एवढाच, की आपण 'भीड भिकेची बहीण' असेही म्हणतो. थाई समाजात ही भीड सुसंस्कृतपणाची खूण मानली जाते.

आता ही भीड घेऊन मूल अमेरिकन घरात जाते. यजमान आई पहिल्या दिवशी सांगते, 'भूक लागली की फ्रिज उघडून हवे ते घे.' मूल दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडणार कसा? त्याला विचारले, 'आणखी वाढू?' ते 'नको' म्हणते. आपल्याकडे पहिला नकार कोणी खरा मानत नाही, पुन्हा आग्रह होतोच. अमेरिकेत 'नको' म्हणजे नको. मूल अर्धपोटी झोपते आणि आई समजते, की याचे जेवणच कमी आहे.

संबोधनांचेही तसेच. थाई माणूस समोरच्याला वयाप्रमाणे 'फी' (दादा-ताई) किंवा 'नाँग' (धाकटे भावंड) असे नाते लावून बोलतो. यजमान वडील प्रेमाने म्हणतात, 'मला नुसत्या नावाने हाक मार.' मुलाची जीभ रेटत नाही, म्हणून ते हाकच मारत नाही. यजमानांना वाटते, हे मूल आपल्याला टाळते आहे.

आणि हसणे! थाई माणूस आनंदात हसतो तसा ओशाळल्यावरही हसतो, रागावलेल्या माणसासमोर वातावरण निवळावे म्हणूनही हसतो. अमेरिकन शिक्षक रागे भरत असताना विद्यार्थी हसला, तर त्याचा अर्थ काय लावला जाईल हे वेगळे सांगायला नको.

अर्थात सगळी थाई मुले एका साच्यातली नसतात. बँकॉकच्या आंतरराष्ट्रीय शाळेतली मुलगी आणि ईशान्येकडच्या खेड्यातला मुलगा यांच्यात पुष्कळ अंतर असते. पण घोटाळ्याची जात हीच.

मोजपट्टीच वेगळी

या घोटाळ्यावर प्रकाश टाकणारे संशोधन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वाइझ आणि त्यांच्या थाई सहकाऱ्यांनी केले. मानसोपचार केंद्रांत आणलेल्या मुलांच्या तक्रारी त्यांनी दोन्ही देशांत तपासल्या (१९८७). अमेरिकेत मारामारी, अवज्ञा अशा 'बाहेर पडणाऱ्या' तक्रारींचे प्रमाण जास्त होते. थायलंडमध्ये भीती, लाजाळूपणा, पोटदुखी-डोकेदुखी अशा 'आत दाबलेल्या' तक्रारींचे प्रमाण जास्त होते.

१९९५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा अभ्यास प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. दोन्ही देशांतल्या शिक्षकांना त्यांनी वर्गातल्या मुलांच्या वागण्यातल्या अडचणी नोंदवायला सांगितल्या. शिवाय प्रशिक्षित निरीक्षक वर्गात बसवून त्याच मुलांचे वागणे मोजले. शिक्षकांच्या नोंदींनुसार थाई मुलांत अडचणी जास्त होत्या. निरीक्षकांच्या मोजणीत मात्र अमेरिकन मुलांचे अडचणीचे वागणे थाई मुलांच्या जवळजवळ दुप्पट भरले!

म्हणजे थाई शिक्षक खोटे बोलत होते का? नाही. शांत वर्गात थोडीशी चुळबुळही नजरेत भरते. गलबल्याच्या वर्गात तीच चुळबुळ कोणाच्या लक्षातही येत नाही. शिक्षकाची मोजपट्टी त्याच्या समाजाने घडवलेली असते. थर्मामीटर सगळीकडे तोच असतो, ही पट्टी तशी नसते. थायलंडमध्ये 'चांगली' ठरलेली मुलगी अमेरिकेत 'मागे पडणारी' ठरते, त्याचे कारण हे. मुलगी तीच असते, पट्टी बदललेली असते.

'यू' वक्राची गोष्ट

परक्या देशात रुळण्याविषयी एक सिद्धांत फार लोकप्रिय आहे : आधी नवलाई, मग उदासी, मग स्थिरता. आलेख काढला तर इंग्रजी 'यू' अक्षरासारखा दिसतो. याचे मूळ स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाच्या १९५५ च्या लेखात आहे. अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन लोकांच्या त्याने मुलाखती घेतल्या. थोडे राहिलेले आणि बरेच दिवस राहिलेले, दोघेही समाधानी होते, मधले कमी. पण यात एक गोम आहे. ही वेगवेगळी माणसे होती. एकाच माणसाचा प्रवास लिसगार्डने महिनोन् महिने पाहिला नव्हता.

कॉलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तो पाहिला. न्यूझीलंडमध्ये आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची मनःस्थिती त्यांनी पोहोचल्यापासून २४ तासांत, मग चौथ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात तपासली. १९९८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सर्वांत वाईट अवस्था अगदी सुरुवातीलाच होती. नवलाईचा काळ त्यांना दिसलाच नाही.

हा अभ्यास छोटा होता आणि थाई मुलांवर नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी यजमानांनी यातून एक इशारा घ्यावा. 'पहिले काही आठवडे मूल मजेत असते, काळजी नंतर करू' असे धरून चालू नये. हसतमुख मूल सुखात आहेच, असे नाही.

वर्ष संपते. हात वर करायला, 'मला पटत नाही' म्हणायला शिकलेली मुलगी घरी परतते आणि पुढच्या 'वाइ ख्रू'ला पुन्हा तबक घेऊन वाकते. वर्गात मात्र आता ती प्रश्न विचारते. काही शिक्षकांना ती आगाऊ वाटू लागते! पट्टी पुन्हा बदललेली असते.

असे पाहुणे आपल्याही वर्गांत असतात. आश्रमशाळेतून आलेला, ऊसतोडीच्या फडावरून आलेला, घरी वेगळीच भाषा बोलणारा. तो गप्प असेल तर शेरा लिहिण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : याच्या घरी गप्प बसण्याला काय म्हणतात?