लाल तेलाची गोष्ट : देवमासा ते डेक्सरॉन

पुण्यात गाडी शिकताना बाबांचं एकच वाक्य सारखं कानावर पडायचं, "क्लच हळू सोड!" आमची मारुती 800 कात्रजच्या घाटात ट्रकमागे अडकली की बाबा डाव्या पायाने हाफ क्लचवर गाडी अशी धरून ठेवायचे की ती इंचभरही मागे सरकायची नाही. मी मात्र हमखास बंद पाडायचो. त्यामुळे अमेरिकेत पहिली ऑटोमॅटिक गाडी हातात आली तेव्हा वाटलं, सुटलो! क्लच नाही, गिअरची खटपट नाही, डावा पाय रिटायर.

डाव्या पायाचं काम गाडीत दुसरंच कोणीतरी करत असतं, हे कळायला 2014 सालचा मिशिगनचा हिवाळा यावा लागला.

गाडी सेकंडहँड, नव्वद हजार मैल झालेली जपानी सेडान. डिपस्टिक काढून बघितली तर जे तेल लालभडक असायला हवं ते कोऱ्या चहासारखं दिसत होतं. म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत (कॉम्प्युटरचे का असेना!), एवढं तर घरी जमेल. दुकानातून सगळ्यात स्वस्त लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड, आणलं. बाटलीवर 'डेक्सरॉन-III' असं काहीतरी होतं. लाल ते लाल, तेल ते तेल!

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी अक्षरशः थरथरली. घरात एकच गाडी, बाहेर बर्फ, पुढच्या महिन्यात बाळ येणार, आणि नव्या ट्रान्समिशनचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. बायको काही बोलली नाही. ते जास्त वाईट होतं.

आमच्या मंडळात एक काका आहेत, आयुष्यभर डेट्रॉइटच्या गाडीधंद्यात काढलेले. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अरे बाबा, तू रंग बघितलास, नंबर नाही बघितलास. रंग गळती ओळखायला असतो. गाडीच्या पुस्तकात जे नाव आहे, तेच तेल लागतं."

"पण काका, तेलाचं काम वंगणाचंच ना?"

"तसं असतं तर मी तीस वर्षं काय केलं?" काका हसले. मग फोनवरच तासभर शिकवणी झाली. नंतर मी बरंच वाचलं, आणि या तेलाच्या इतिहासाने मला अगदी झपाटून टाकलं.

मुळात या तेलाकडून आपण दोन उलट अपेक्षा ठेवतो. गिअरच्या दात्यांसाठी ते निसरडं हवं, आणि त्याच तेलात बुडालेल्या क्लच प्लेटना मात्र एकमेकींना धरता आलं पाहिजे. पटकन धरलं तर धक्का बसतो, उशिरा धरलं तर प्लेटा घसरून जळतात. म्हणजे बाबांचा हाफ क्लचच! तो या तेलात मिसळलेल्या द्रव्यांमध्ये असतो. त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात.

आमच्या घरापासून लॅन्सिंग काही फार लांब नाही. ते ओल्ड्समोबिलचं गाव. जनरल मोटर्सने 1940 च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये 'हायड्रामॅटिक' बसवला. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो एम-5 स्टुअर्टसारख्या रणगाड्यांतही गेला. पण नेमकं कुठलं तेल घालायचं याचं सर्वांसाठी एकच माप नव्हतं. ते 1949 मध्ये आलं, 'टाइप ए' या नावाने. 1957 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि 1967 मध्ये 'डेक्सरॉन'. फोर्डने मात्र वेगळी वाट धरली. त्यांच्या 'टाइप एफ' मध्ये फ्रिक्शन मॉडिफायर नव्हतं, कारण त्यांचे क्लच झटकन धरतील अशा बेताने बनवलेले होते. दोन्ही तेलं लाल, स्वभाव मात्र उलटे! एकाचं तेल दुसऱ्यात घातलं की माझ्यासारखी फजिती.

आता खरी गोष्ट. जनरल मोटर्सच्या या तेलांतला मुलायमपणा यायचा कुठून? स्पर्म व्हेल नावाच्या देवमाशाच्या तेलातून. हे तेल रासायनिकदृष्ट्या पातळ मेणच. कितीही तापलं, कितीही दाब आला तरी धातूला चिकटून राहायचं. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडची जहाजं दिव्यांच्या तेलासाठी देवमासे मारत. पुढे रॉकेल आलं, वीज आली, आणि आपल्याला वाटतं की संपला तो धंदा. पण स्पर्म व्हेलची सर्वाधिक शिकार झाली ती 1960 च्या दशकात. तेव्हा दिवे विजेचे होते, तेल लागत होतं कारखान्यांना. गिअरबॉक्स हे त्याचं एकमेव कारण नव्हे, पण एक गिऱ्हाईक नक्कीच होता. डाव्या पायाला आराम मिळावा म्हणून कुठल्यातरी समुद्रात हार्पून सुटत होता.

1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि 1973 मध्ये एंडेंजर्ड स्पीसीज अ‍ॅक्ट झाला. देवमाशाचं तेल बंद. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं, तर सगळी सिस्टिम ज्या एका लायब्ररीवर उभी होती तीच एके दिवशी काढून घेतली! बदली द्रव्यं घालून 'डेक्सरॉन-II' ची पहिली आवृत्ती आली, पण तिने कूलरचा धातू गंजू लागला. मग गंजरोधक घालून दुसरी काढली, ती 'II-डी'. वाळवंटातल्या जोजोबाच्या बियांचं तेलही पातळ मेणच निघालं, त्याच्यावरही बरंच संशोधन झालं. हळूहळू प्रयोगशाळेतली द्रव्यं सरस ठरली. 2005 मध्ये 'डेक्सरॉन-VI' आलं, आणि 2006 च्या अखेरीस जनरल मोटर्सने 'डेक्सरॉन-III' चे परवाने बंद केले. म्हणजे 2014 मध्ये मी विकत घेतलेल्या बाटलीवरच्या नावामागे तेव्हा मूळ कंपनीही उभी नव्हती!

माझ्या गाडीचं पुढे काय झालं? नशीब बलवत्तर. काकांनी सांगितल्याप्रमाणे मॅन्युअलमधल्याच नावाचं तेल आणलं. एका वेळी सगळं तेल निघत नाही, निम्म्याहून जास्त टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि आतल्या खाचाखोचांत राहतं. म्हणून काढायचं, भरायचं, थोडी गाडी फिरवायची, असं तीनदा केलं. थरथर थांबली. आमची लेक त्याच गाडीतून हॉस्पिटलमधून घरी आली.

तर मंडळी, तुमच्या गाडीचं तेल बदलायचं असेल तर आधी पुस्तक उघडा. सीव्हीटीचं तेल वेगळं, एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या गाडीचंही वेगळं असू शकतं. 'सगळ्या गाड्यांना चालेल' असं लिहिलेली बाटली घेताना दोनदा विचार करा. आणि 'लाइफटाइम' म्हणजे कोणाचं लाइफ, हेही एकदा विचारा!

दसऱ्याला आपण गाडीला झेंडूचा हार घालतो, दिवाळीच्या पहाटे स्वतः अभ्यंगस्नान करतो. गाडीलाही अधूनमधून अभ्यंग लागतंच. फक्त तेल तिचं तिलाच हवं. यंदा बाबा इकडे आलेत. परवा शेजारी बसून म्हणाले, "गिअर कधी पडला, कळलंच नाही रे." मी म्हटलं, "बाबा, ते तुमच्या डाव्या पायाचं काम आहे." आणि मग त्यांना देवमाशाची गोष्ट सांगितली.