नाशिकची रेड वाइन आणि माझा बाद झालेला मसुदा

अंधेरीच्या दुकानात नाशिकच्या कॅबर्ने-शिराजची बाटली दिसते. नाशिक म्हणजे द्राक्षं, म्हणून वाइनही जुनीच, असं तुम्हालाही वाटेल. मी याच समजुतीवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं; मसुदा बाद झाला! खायच्या द्राक्षाचा इतिहास वेगळा, वाइनच्या द्राक्षाचा वेगळा. थॉम्सन सीडलेस खायची, बेदाण्याची. कॅबर्नेचा तुरटपणा आणि शिराजची मसालेदार चव यांचं ब्लेंड करायचं, तर त्या दोन जाती आधी इथे लावायला हव्यात. सुलाची सुरुवातही पांढऱ्या वाइनच्या द्राक्षांनीच झाली; पहिली वाइन आली २००० साली. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण तर २००१चं. आता माझं प्रकरण बागांपासून सुरू होतं: कुठली जात, कुठल्या गावात, कुठल्या वर्षी.